झुडपातला तरुण

बायको तैलरंग शिकायला जाऊ लागली. सरांनी रोकोको काळातलं, म्हणजे अठराव्या शतकातलं एक फ्रेंच चित्र बघून काढायला दिलं. झोक्यावर गुलाबी रेशमातली बाई, झुडपात लपून तिच्याकडे टक लावून बघणारा तरुण आणि मागे अंधारात झोक्याची दोरी ओढणारा तिचा म्हातारा नवरा.

बाकी सगळं झालं. तरुणाचा चेहरा मात्र ती रोज रंगवायची आणि रोज सुरीने खरवडायची. मी खोलीत पाऊल टाकलं की कॅनव्हासवर फडकं पडायचं.

"कोणाचा चेहरा आहे एवढा अवघड?"

"आहे ओळखीचा," ब्रश पुसत ती म्हणाली.

कुरळ्या केसांच्या त्या सरांवर माझा पहिल्यापासून संशय होता. आज ती बाजारात गेल्यावर मी फडकं उचललं. झुडपात मीच होतो, लग्नाच्या वेळचा. जीव भांड्यात पडला. मग मागच्या अंधाराकडे लक्ष गेलं. दोरी धरलेला म्हाताराही मीच होतो, चष्म्यासकट.

ती कधी परत आली, कळलंच नाही.



"तरुण जुना फोटो समोर ठेवूनही जमेना हो," ती दारातून म्हणाली. "म्हातारा पहिल्याच दिवशी जमला, न बघता."