मागची डावी बाजू

मागची खडखड गेल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवणार नाही, असं बायकोने बजावलं होतं, आणि आमच्या घरात असे हुकूम मागे घेतले जात नाहीत. मेकॅनिकने मागचे दोन्ही शॉकअप बदलले, तरी खडखड होतीच. गॅरेजच्या स्टुलावर बसून बसून आता माझीच हाडं वाजायला लागली होती.

"शॉकअप चांगला असला, की गाडी दाबून सोडल्यावर एकदाच वर येते आणि थांबते," मेकॅनिक म्हणाला. त्याने उजवी बाजू दाबून सोडली. ती वर येऊन थांबली.

डावीही वर येऊन थांबली. मग, कुणी आत बसावं तशी, हळूच खाली गेली.

मेकॅनिकने हात पुसले. मागची सीट रिकामी होती. "काका, जरा उतरता का? काम व्हायचंय," तो तिकडे न बघताच म्हणाला.

डावी बाजू वर आली.

मी इतका दमलो होतो, की काम होताच पैसे दिले आणि निघालो.

परतताना गाडी अगदी गप्प होती. बायको फाटकाशी उभी होती. तिने माझ्या शेजारचं दार उघडलं, आत पाहिलं, दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसली.

"अगं, पुढे बस की."

"राहू दे. त्यांना कशाला उठवायचं?"