पुसलेली मेल

“आजपासून या ऑफिसातली एकही मेल कुणी पुसायची नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “जुनी नाही, नको असलेली नाही, चुकून आलेलीही नाही. कोर्टाची नोटीस आली आहे. पडलेल्या लिफ्टबद्दल कुणी कुणाला काय कळवलं, ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे. चूक एकवेळ निस्तरता येते, पुसापुशी नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीनेही डोलावली.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तिला बारा वर्षं झाली होती. पण तिच्यानंतर त्या खोलीत कुणी नवीन आलंच नाही, म्हणून ती धाकटीच राहिली. हे नाव नानांनी ठेवलेलं. तक्रारींचं टेबल त्या दोघांचं. आलेली मेल वाचायची, ज्याच्या त्याच्याकडे पाठवायची. हे काम नानांनीच तिला बोट धरून शिकवलं होतं.

चार दिवसांपूर्वी एका इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळली. आत शिवणकाम करणारी एक बाई होती. तिचे दोन्ही पाय मोडले.

त्याच्या तीन आठवडे आधी मेकॅनिकची मेल आली होती. तारेचा दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा. धाकटीने ती शुक्रवारी संध्याकाळी वाचली, खांद्याला पर्स लावून, उभ्याउभ्याच. सोमवारी पाठवू म्हणाली. सोमवारी शंभर भानगडी निघाल्या आणि मेल राहिली ती राहिलीच. मेकॅनिक मध्यंतरी नोकरी सोडून गेला होता, त्याचा पत्ता कुणालाच लागत नव्हता.

दुपारी सगळे डबे घेऊन खाली गेले. नानांचा कॉम्प्युटर उघडाच होता. तक्रारींची मेल दोघांच्याही कॉम्प्युटरवर उघडायची. तिचा स्वतःचा हातभर अंतरावर होता, तरी ती नानांच्या खुर्चीत बसली. अर्ध्या मिनिटाचं काम. आपला हळू चालतो, असं तिने मनाला सांगितलं. ते खोटं आहे हे तिला तेव्हाही माहीत होतं.

आठ दिवसांनी तपासणारी माणसं आली, आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी नानांना बोलावलं. दार अर्धवट लोटलेलं होतं.

“नाना, त्या लिफ्टबद्दलची मेकॅनिकची मेल तुमच्या कॉम्प्युटरवरून पुसली गेली आहे. मजकूर परत मिळत नाही, पण पुसल्याची नोंद राहते. तुम्हाला काही म्हणायचंय?”

धाकटीला टेबलापाशी सगळं ऐकू येत होतं. आता नाना म्हणणार, मी जेवायला गेलो होतो, विचारा कुणालाही.

“नाही,” नाना म्हणाले. “माझ्या हातून झालं.”

निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. त्यांनी पुढ्यातला कागद न वाचताच सही केली. चष्म्याचं घर आणि डबा पिशवीत टाकला. जाताना तिच्या टेबलापाशी क्षणभर थांबले.

“जेवत जा वेळेवर,” एवढंच म्हणाले.

त्यांना कळलंय, तिच्या मनात आलं. कळूनही त्यांनी स्वतःवर घेतलंय.

त्यानंतर तिला घास गिळवेना. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “दिसायला कसे गरीब गाय होते.” सगळे तिच्याकडे बघत होते, नानांच्या जवळची म्हणून. तिने मान हलवली. होकारार्थी. ती हललेली मान तिला दिवसभर जड वाटत राहिली.

तीन आठवड्यांनी ती शिवणकामवाली बाई जबाबावर सही करायला ऑफिसात आली. चाकाच्या खुर्चीत, खुर्ची ढकलायला बहीण. तिने धाकटीकडेच पाणी मागितलं.

“तुमच्यातल्याच कुणीतरी ते पुसलं म्हणे,” ग्लास परत देताना ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मला एवढंच वाटतं, त्या माणसाला झोप लागत असेल का हो?”

धाकटीने रिकामा ग्लास धुतला. पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वकीलबाईंसमोर बसली आणि सगळं लिहून दिलं. तिथून थेट नानांच्या घरी गेली.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. “ये गं बाई. हल्ली आमच्याकडे कुणी फिरकत नाही.”

नाना वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. आठवडाभराची दाढी वाढलेली. “बस, धाकटे.”

ती बसली नाही. “नाना, ती मेल मी पुसली. तुम्ही माझं पाप डोक्यावर घेतलंत आणि मी मूग गिळून बसले. लोक तुम्हाला नावं ठेवत होते, मी मान डोलावत होते. आज वकीलबाईंना लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, नानांना मानाने परत बोलावू.”

वर बघायची तिची हिंमत होईना.

“मी म्हणत नव्हते?” पत्नीने पदर डोळ्यांना लावला. “हे असं करणारच नाहीत म्हणून?”

नानांनी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. “तू कधी पुसलीस?”

“वकीलबाई बोलून गेल्या, त्याच दुपारी. तुमच्या कॉम्प्युटरवरून.”

“कोणती मेल?”

“दोर झिजल्याची. अपघाताच्या तीन आठवडे आधी आलेली.”

नानांनी घडी बाजूला ठेवली. मग पत्नीला म्हणाले, “जरा चहा टाक.” ती डोळे पुसत आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागेपर्यंत ते दाराकडे बघत राहिले. मग पुढे झुकले.

“मी पुसली ती दोन महिने आधीची होती,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे ती त्यांना अजून सापडलीच नाही तर.”