दोन छोटे, एक लांब

बझर काही केल्या वाजत नव्हता. सुनेने स्वयंपाकघरातल्या टेबलावरची ती वायरी खोचायची भोकाभोकांची पांढरी पाटी तिसऱ्यांदा तपासली. लाल वायर उपटली, पुन्हा खोचली. पिवळी उपटली, पुन्हा खोचली. पाटीतून निघालेल्या दोन वायरी, वीतभर तुकड्याला तुकडा जोडत, उंबरठ्यावरून थेट आतल्या खोलीत पलंगापर्यंत गेल्या होत्या. तिथे कॉम्प्युटरचा एक मोडका माउस होता, बझरचं बटण म्हणून जोडलेला, आणि त्यावर सासऱ्यांचा उजवा हात.

तीस वर्षं बसचं स्टिअरिंग फिरवलेला तो हात. शेवटची फेरी आटोपून डेपोकडे जाताना त्यांनी घराच्या खिडकीखाली ठरलेल्या तालात हॉर्न द्यायचा आणि सासूबाईंनी खिडकीत येऊन ओरडायचं, हे उभ्या गल्लीला पाठ होतं. आता त्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. पक्षाघाताने बाकी सगळं नेलं, आवाजसुद्धा.

परवा त्यांचा हात कुशीखाली अडकला आणि ते अर्धा तास तसेच पडून राहिले. सासूबाई बाहेर शिवणयंत्र चालवत होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. तेव्हापासून यंत्रावर झाकण पडलं होतं. सासूबाई पलंगापाशी स्टूल टाकून बसत आणि पाणी प्यायला उठायचं तरी आधी सुनेला तिथे बसवत.

"काय गं, रुसला का तुझा बझर?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"सगळं बरोबर आहे हो आई. बॅटरीही नवी आहे. तरी ढिम्म!"

सासूबाईंना राहवेना. त्या बाहेर आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्या वायरींना नावं ठेवली होती. दोन्ही टोकांना टाचण्या लावलेले दोऱ्याचे तुकडे नुसते! ना गाठ, ना टाका, टिकायचं कसं? आता मात्र त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि पाटीवर वाकल्या.

"ही लाल रेघ कशाला?"

"तिच्याखाली धातूची पट्टी आहे. एका भोकात वीज सोडली की रेघेवरच्या सगळ्या भोकांत पोचते."

सासूबाईंची नजर रेघेवरून हळूहळू सरकत गेली. आयुष्यभर ती अशीच टिपेवरून सरकत आली होती. मधोमध येऊन थांबली.

"मग इथे टीप का सुटली आहे?"

"कुठे?"

"ही काय. रेघ इथे संपते, नि जरा पुढून पुन्हा सुरू होते."

सुनेने डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! काही पाट्यांची पट्टी मध्ये तुटकी असते. मी या अर्ध्यात वीज सोडली आणि त्या अर्ध्यात वाट बघत बसले!" तिने एक आखूड हिरवी वायर उचलून सासूबाईंच्या हातात दिली. "चूक तुम्ही पकडलीत. आता जोडाही तुम्हीच."

सुईत दोरा ओवणाऱ्या त्या हातांनी वायर भोकांत खोचली. एक टोक अलीकडे गेलं, एक पलीकडे.

सुनेने भिंतीवर यादी डकवली होती. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. तीनदा म्हणजे दुखतंय. कालपासून तिने ती सासऱ्यांना चार वेळा वाचून दाखवली होती. आता ती तिथूनच ओरडली, "बाबा, दाबा!"

बझर वाजला.

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. दोन महिने ज्या माणसाच्या गळ्यातून ब्र निघाला नव्हता, तो त्या बोटातून निघून, उंबरठा ओलांडून, एवढ्या टाचलेल्या तुकड्यांतून वाट काढत स्वयंपाकघरात आला होता. देवाने नेलेली गोष्ट त्यांच्या सुनेने रंगीत वायरींनी परत आणली होती, आणि त्यातली एक वायर त्यांनी स्वतः खोचली होती.

"एकदा. म्हणजे पाणी," सून म्हणाली आणि पेला घ्यायला वळली.

तेवढ्यात बझर पुन्हा वाजला. दोन छोटे, एक लांब.

सून यादीपाशी गेली. "हे तर यात नाही. कूस बदलायची आहे का हो, बाबा?"

पुन्हा तेच. दोन छोटे, एक लांब. या वेळी लांब जरा जास्तच लांब.

सासूबाई जागच्या जागी उभ्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी पदर कमरेला खोचला आणि आतल्या खोलीकडे न जाता तिथूनच, कितीतरी वर्षांत काढला नव्हता असा आवाज काढला:

"ऐकलं हो, ऐकलं! उभ्या गल्लीला कळलं, तुम्ही आलात ते!"