रविवारची चावी

"आई, घड्याळाला चावी दिली गं," स्टुलावरून उतरत मुलगा म्हणाला. "आज-उद्या बंदच पडलं असतं."

दर रविवारी ही चावी त्याचे वडील द्यायचे. अंघोळ झाल्या झाल्या, आणि दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. गुरुवारी ते गेले. तेव्हापासून ती त्या घड्याळासमोरच बसून होती. रडली नव्हती. माणसं भेटून जात होती. तिला फक्त टिकटिक ऐकू येत होती. त्यांच्या हातची चावी अजून संपली नव्हती.

"बरं केलंस," ती म्हणाली.

मुलगा स्टूल उचलून आत गेला. टिकटिक तशीच चालू होती. त्यांची कुठे संपेल आणि मुलाची कुठे सुरू होईल, हे आता तिला कळणार नव्हतं.