गळ्यातली परदेशी अक्षरं

जायकवाडीच्या पाण्यात चांगुणाच्या जाळ्यात राजहंस अडकला. त्याच्या गळ्यात हिरवा पट्टा होता, पट्ट्यावर परदेशी अक्षरं-आकडे. तिनं घाईनं जाळं होडीत ओढलं.

"सरकारी पक्षी दिसतोय, वहिनी. मारून पुरून टाका," शेजारच्या होडीतून दीर म्हणाला. "न्हाईतर आत जाल."

तिनं हंसाची मान धरली. बोटांखाली नाडी थडथडत होती. तिला ते होईना. जाळं कापून तिनं हंस पदरात गुंडाळला आणि वनखात्याची चौकी गाठली.

वनरक्षकानं पट्ट्यावरचा क्रमांक तो पट्टा बांधणाऱ्या मंगोलियातल्या पक्षीकेंद्राला कळवला. लगेच फोन आला. पलीकडची बाई कापऱ्या आवाजात इंग्रजीत बोलत होती. चांगुणानं पदरातला हंस घट्ट धरला.

"काय म्हणती?"

"घाबरलीय. हंस जिवंत आहे का, एवढंच विचारतेय."

चांगुणानं पदर सोडवला. "जित्ता हाय म्हणावं. भिऊ नको, बाई."