गोदामावरचे गोटे

शिडी हलली, तशी दौलतरावांनी ती स्वतःच खालून धरली. "जपून चढ, धुरपता. पडलीबिडली तं लोक पुन्हा माह्याच नावानं बोंबलतीन."

हमाल हसले. शालिग्राम पाटील मात्र हसले नाहीत. शेलूबाजारातलं कापसाचं नवं गोदाम दाखवायला दौलतरावांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

धुरपताबाई वर गेली. खाली तिची नणंद चतुराबाई घमेलं घेऊन उभी होती.

तीन वर्षांपूर्वी याच जागेवर दौलतरावांचं जुनं गोदाम होतं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं. दरसाल मृगाआधी धाब्यावरची जुनी माती खरवडायची आणि मग नवी पांढरी माती पसरायची, ही रीत. दौलतरावांनी खरवडण्याला फाटा दिला आणि थरावर थर चढवला. धुरपताबाईचा नवरा नानाजी धाब्याचं काम करायचा. "मालक, वजन फार झालं, आधी माती उतरवू द्या," हे सांगून सांगून तो थकला. एका दुपारी तुळया मोडल्या आणि नानाजी मातीखाली गेला.

पंचांपुढे दौलतरावांनी हात झटकले. नानाजी कधी काही बोललाच नाही, आळसानं त्यानंच माती काढली नाही, म्हणाले. मेलेला माणूस काय उत्तर देणार? जीव गेला तो गेला, वर नावालाही काळिमा लागला.

तेव्हापासून धुरपताबाईच्या मनात एकच होतं. याच्याही डोक्यावर छत राहू नये. पोटासाठी दोन हंगाम ती अकोल्याच्या एका गिरणीच्या छतांवर राबली आणि तिथं शिकलेलं कुणाला न सांगता गावात परतली. बाईला काम दिलं की लोकांची तोंडं बंद होतील, या हिशेबानं दौलतरावांनी तिला छत तपासायला बोलावलं. तीही आली.

छत सपाट, नव्या तऱ्हेचं होतं. लाकडी फळ्या, त्यांवर जाड डांबरी कापड आणि कापडावर नदीच्या गोट्यांचा थर. कापडाला खिळा एकही नव्हता. खिळ्याच्या भोकातून पाणी झिरपतं. धुरपताबाईनं पन्हळीतला पाला काढला, कापडाचे सांधे चाचपले. पश्चिमेच्या कोपऱ्यात गोटे सरकून कापड उघडं पडलं होतं. तिथं ती जरा वेळ उभी राहिली. मग काठाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"मालक, गोटे कमी पडून राह्यले! या कोपऱ्यात आणखी टाका लागते. आन् हायत त्यातला एकबी काढू नका!"

दौलतरावांचा चेहरा उतरला. छताखाली वर्षाचा सगळा कापूस होता.

"पाहा पाटील!" ते म्हणाले. "वजनानं नवरा मेला, आन् आता हे माह्या छतावर वजन चढवून राह्यली. मले येडा समजते काय?"

"मालक, हे धाबं नाही. मी खरं सांगून राह्यली."

"मले शिकवू नको. सारे गोटे खाली उतरव. आत्ताच, माह्या डोयासमोर!"

तिनं वरूनच हात जोडले. "पाटील, तुमी तं सांगा."

पाटील घुटमळले. छत दौलतरावांचं, सांगणार तरी काय? बाईचा डाव मालकानं ओळखला, असं हमाल आपसात कुजबुजले.

धुरपताबाईनं पदर खोचला आणि पहिलं घमेलं भरलं. नानाजीच्या आठवणीनं तिचे डोळे वाहत होते. दौलतराव खाली खुर्ची टाकून बसले, ते शेवटचा गोटा उतरल्यावरच उठले.

आठवडा उलटायच्या आत वैशाखातलं वावधान सुटलं. गावातले पत्रे खडखडले, झाडं वाकली. गोदामाचं डांबरी कापड काठाशी फुगलं, फडफडलं आणि अख्खंच्या अख्खं उडून नाल्यापलीकडच्या बाभळींवर जाऊन पडलं. मागोमाग गारा आल्या आणि पावसानं कापसाचा चिखल केला.

पंच पुन्हा बसले. दौलतराव धुरपताबाईकडे बोट दाखवून ओरडले, "हिले सारं माहीत होतं! मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं," शालिग्राम पाटील म्हणाले. "आमच्या साऱ्यायसमोर सांगतलं, हात जोडून सांगतलं. तुमीच आयकलं नाही. नानाजीनंबी सांगतलंच असन."

पंचांनी माना खाली घातल्या.

घरी परतताना चतुराबाई सारखी डोळे पुशीत होती. "आज माह्या भावाचं नाव धुतलं गेलं, वयनी. पण त्या दिवशी तू किती गयावया केली! मालकानं आयकलं असतं तं त्याचं छत वाचलं असतं."

"आपल्या घरचं खरं तो कधी आयकते काय?" धुरपताबाई म्हणाली. "म्हणून तं खरं सांगतलं."