काटछाटीचा अधिकार

लाऊडस्पीकरवाल्या मुखरूनं वडशाच्या साप्ताहिकाला पत्र धाडलं, "ठेकेदारानं रस्ता झकास केला, अन् पोळ्याआधीच तो उखडला." छापून आलं "ठेकेदारानं रस्ता झकास केला" एवढंच, खाली मुखरूचं नाव. गाव त्याला ठेकेदाराचा चमचा म्हणू लागलं. जाब विचारला तर संपादक म्हणाले, "जागेअभावी काटछाट केली. अधिकारच आहे आमचा तो."

मुखरूनं डूक धरला.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकाचे उद्घाटक तेच संपादक. माइकवर गरजले, "ठेकेदाराचा पैसा मी खाल्ला, हे कोणी सिद्ध करून दाखवावं!"

मंडपाला "ठेकेदाराचा पैसा मी खाल्ला" एवढंच ऐकू आलं. शिट्ट्याच शिट्ट्या.

संपादक अंगावर धावून आले, तसा मुखरू माइकच्या बटणावरचं बोट न हलवता म्हणाला,



"वेळेअभावी काटछाट केली, भाऊ. अधिकारच हाये आमचा तो!"